कपिलधार सोडून खोपोलीस

पूर्वीं सहलीचा बेत होत असे. हल्लीं तिचें नियोजन होतें. नुसता शब्द बदलला म्हणून कोणीं रागावूं नये. पण शब्दाबरोबर वस्तुहि बदलली आहे कीं काय, हें पाहण्याची संवय भाषा शिकविणाऱ्याला असतेच. बेत फिसकटतो, आणि फिसकटला तरी पुढें चार वर्षें त्याची हकीकत सांगण्यांत घरची करमणूक होते. नियोजन फिसकटलें म्हणजे पैसे बुडतात. बीड शहरांतल्या सुशिक्षित घरांतून दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं जीं नियोजनें चालतात, त्यांतलीं पुष्कळशीं एकाच दिशेला तोंड करून असतात. ती दिशा खोपोलीची. तेथें चित्रपटव्यवसायांत नांव मिळविलेल्या मनमोहन शेट्टी यांनीं २०१३ सालीं इमॅजिका हें विस्तीर्ण क्रीडोद्यान उघडलें. पुढें त्याला जलक्रीडेचें निराळें उद्यान जोडलें गेलें, बर्फाचें दालन जोडलें गेलें, राहण्यास हॉटेल जोडलें गेलें. २०२२ पासून त्याची सूत्रें संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहेत. बीडहून तेथपर्यंतचा रस्ता सुमारें तीनशें किलोमीटरांचा आहे. आणि बीडहून वीसएक किलोमीटरांवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या एका दरींत कपिलधार आहे.

धबधबा चांगला आणि यंत्राचा पाळणा वाईट, असा निवाडा देण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती आमच्याच वर्गाविरुद्ध आहे.

हें नियोजन कसें चालतें तें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. तारखेप्रमाणें तिकिटाचा दर पालटतो, म्हणून प्रथम मोबाइलवर तारखा चाळल्या जातात. मुलाचें तिकीट त्याच्या उंचीवर ठरतें, म्हणून धाकट्याला दाराच्या चौकटीशीं उभें करून मोजतात, आणि तो एका बोटानें कमी भरावा अशी आईबापांची इच्छा असते. उलट मोठ्या पाळण्यांत बसण्याला किमान उंची लागते. तेथें तोच मुलगा एका बोटानें जास्त भरावा, अशीहि इच्छा असते. अशा उद्यानांतून बहुधा घरचें खाणें आंत नेऊं देत नाहींत. तेव्हां चकल्या कोणत्या पिशवीच्या तळाशीं दडवाव्या यावर खल होतो. रांगेंत न ताटकळतां पुढें जाण्याचें महागडें तिकीट घ्यावें कीं साधें, या प्रश्नावरून नवराबायकोंत दोन दिवस अबोला राहिल्याचें एक उदाहरण मला ठाऊक आहे. आमच्या एका सहकाऱ्यानें केलेला तक्ता मीं पाहिला आहे. सकाळीं साडेदहापासून रात्रीं आठपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि कुटुंबांतल्या प्रत्येकाची निराळी ओळ. मुलांच्या ओळींत खेळांचीं नांवें होतीं. आईच्या ओळींत ‘मुलांबरोबर’ असें होतें. आजीच्या ओळींत साऱ्या रकान्यांना ओलांडून एकच शब्द लिहिला होता: सामानाजवळ. आजीचें तिकीट थोडें स्वस्त पडलें, असें त्यानें मला समाधानानें सांगितलें.

आतां हें वाचून जे सोवळे टीकाकार मान डोलावूं लागले असतील, त्यांना मी आपल्या पंगतीस घेऊं इच्छीत नाहीं. मौज ही कांहीं परदेशांतून आयात झालेली वस्तु नव्हे. आमच्या यात्रांतून रहाटपाळणा होता, मौतका कुआं होता, आरसेमहाल होता, तंबूंतला सिनेमा होता. आणि देवापुढें नारळ फुटतो न फुटतो तोंच पोरें त्या पाळण्याकडे पळत सुटत, याबद्दल कोणत्याहि देवानें कोप केल्याचें ऐकिवांत नाहीं. उंचावरून खालीं येतांना पोटांत जो खड्डा पडतो त्याचें सुख खरें आहे. तें यात्रेंत खरें होतें, खोपोलीसहि खरें आहे. शिवाय या उद्यानाच्या बाजूनें जो सर्वांत मोठा मुद्दा आहे तो मुलांचा नव्हेच. तो बायकांचा आहे. आमच्या घरांतल्याच एका सुनेनें तो मला ऐकविला. ती म्हणाली, “भाऊजी, तिथं बायकांना जायला स्वच्छ जागा असते, ओले कपडे बदलायला आडोसा असतो, आणि पोर पाण्यात असताना शिट्टी घेतलेला माणूस काठावर उभा असतो. पावसाळ्यात कुठल्याही धबधब्यावर गेलं तर यातलं काय मिळतं?”

हा प्रश्न बिनतोड आहे. त्याच्यापुढें ‘निसर्गाचें सान्निध्य’ वगैरे शब्द फेंकणारा मनुष्य एक तर पुरुष असतो, किंवा त्याला घरीं लवकर परतावयाचें असतें. माझें म्हणणें एवढेंच कीं, हा प्रश्न ज्याला विचारावयाचा त्याला तो कधीं विचारलाच गेला नाहीं. जिल्हा परिषदेला विचारला नाहीं, ग्रामपंचायतीला विचारला नाहीं, देवस्थानाला विचारला नाहीं, निवडणुकींत दारांत हात जोडून उभा राहिलेल्या उमेदवाराला विचारला नाहीं. त्याचें उत्तर विकत मिळतें असें कळल्याबरोबर तें विकत घेण्यांत आलें, आणि प्रश्न मिटला. म्हणजे तिकीट काढण्याची ऐपत असणारांपुरता मिटला.

क्रीडोद्यानांचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. १८४३ सालीं कोपनहेगन येथें टिव्होली हें उद्यान निघालें. तें काढणाऱ्या गेऑर्ग कार्स्टन्सन यानें राजाकडे परवानगी मागतांना, लोक रमले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहींत, अशा अर्थाचें कारण पुढें केलें होतें, असें सांगतात. त्या वेळचा डेन्मार्कचा राजा आठवा क्रिश्चन हा अनियंत्रित सत्तेचा धनी होता; त्याला हें कारण पटलें असल्यास आश्चर्य नाहीं. पुढें वॉल्ट डिस्नेनें १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांत अनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें. तेथें त्याला एक अनुभव आला. उद्यानाच्या भोंवतीं दुसऱ्याच लोकांनीं खाणावळी व हॉटेलें थाटलीं, आणि पाहुण्यांचा पैसा कुंपणाबाहेर जाऊं लागला. म्हणून फ्लॉरिडांत त्यानें निराळ्याच कंपन्यांच्या नांवांनीं, गाजावाजा न करतां, सुमारें सत्तावीस हजार एकर जमीन खरेदी करविली. १९६६ सालीं तो वारला. तें स्थान १ ऑक्टोबर १९७१ रोजीं उघडलें. ज्याला आपण आज रिसॉर्ट म्हणतों त्याच्या मुळाशीं ही कल्पना आहे. खाणें, निजणें, फिरणें, खरेदी, सर्व कुंपणाच्या आंत. बाहेर कांहीं असण्याची गरजच उरूं नये.

व्यापारी मनुष्यानें असा विचार करावा यांत गैर कांहीं नाहीं. तो त्याचा धंदा आहे. परंतु गिऱ्हाइकानेंहि तोच विचार आपला म्हणून घरीं आणावा, हें मला खटकतें. कुंपणाच्या आंत शिस्त आहे, पाणी आहे, सांवली आहे. बाहेरचें बाहेरचे लोक पाहून घेतील! मग कुंपणाच्या आंतहि आणखी कुंपणें निघतात. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून, ठराविक वेळीं येऊन रांग टाळण्याची चिठ्ठी फुकट मिळत असे. २०२१ सालीं ती पद्धति बंद होऊन तशा सोयीला पैसे पडूं लागले. खोपोलीसहि पुढें जाण्याचें निराळें तिकीट आहे. हें पाहून नाक मुरडण्याचा अधिकार मात्र आम्हांस फारसा नाहीं. तिरुपतीस तीनशें रुपयांचें दर्शन आहे, शिर्डीस आणि तुळजापुरास पैसे भरून लवकर आंत जाण्याची सोय आहे, आणि त्या सोयीचा लाभ घेणारांत आमचीं सुशिक्षित कुटुंबेंच पुढें असतात. देवाच्या दारांत जी गोष्ट आम्हीं खपवून घेतली ती पाळण्याच्या दारांत नवीन कशी म्हणावी?

आतां कपिलधारेकडे वळूं. कपिल मुनींनीं तेथें तप केलें अशी श्रद्धा आहे. वीरशैव संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि तेथें आहे. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठींत आहे, आणि तो ज्यांच्या घरीं भक्तीनें वाचला जातो त्यांतील कित्येक कुटुंबें आज कर्नाटकांत व तेलंगणांत राहतात. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. दिंड्या पायीं येतात. समाधीजवळच कड्यावरून धार पडते. पावसाळ्यांत ती जोरानें कोसळते, आणि पाऊस सरला कीं हळूहळू बारीक होत जाते. वाचकांपैकीं जे कोंकणचे असतील त्यांना असला एखादा धबधबा म्हणजे कांहींच नव्हे. परंतु हा मराठवाडा आहे. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०२५ च्या सप्टेंबरांत याच प्रांतांतलीं उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. पाणी एक तर नाहीं, नाहीं तर एकदम सगळें, अशा मुलखांत एका दरींत तें शांतपणें येऊन पडतें, या गोष्टीला लोकांनीं देवत्व दिलें यांत नवल नाहीं. टँकरची वाट पाहणाऱ्या घरांतल्या मुलाला पंपानें उसळविलेल्या लाटांचें वेड लागावें, हेंहि मी समजूं शकतों. त्या मुलाला मी दोष देत नाहीं.

कार्तिकांतच आणखी एक प्रवास सुरू होतो. यात्रा भरते त्याच सुमारास बीड जिल्ह्यांतले लाखों ऊसतोड मजूर बायकापोरांसह ट्रकांत आणि ट्रॅक्टरांत बसून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. तोहि सहकुटुंब प्रवासच असतो. त्याचें नियोजन मुकादम करतो. कपिलधारेची धार हें त्या मुलांच्या वांट्याला येणारें एकमेव जलोद्यान आहे. तेथें कठडा असावा कीं नसावा, निसरड्या दगडांवर कोणी लक्ष ठेवावें कीं ठेवूं नये, हा त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न लेखी स्वरूपांत मांडण्याची कला त्यांच्या बापाजवळ नाहीं. ती आमच्याजवळ आहे. आमच्या पदव्या, आमची अर्ज लिहिण्याची हातोटी, वर्तमानपत्रांत पत्र छापून आणण्याची आमची खटपट, या साऱ्यांचा उपयोग सार्वजनिक ठिकाणीं तेव्हांच होतो, जेव्हां आमचें स्वतःचें मूल तेथें जात असतें. आमचीं मुलें नगरपालिकेच्या शाळांतून निघालीं, त्यानंतर त्या शाळांच्या पत्र्यांतून पाऊस गळतो कीं नाहीं हें विचारायला आम्हीं गेलों नाहीं. आमचे आजारी सरकारी दवाखान्यांतून निघाले. तेथल्या खाटांची चौकशी थांबली. आतां आमची मौजहि निघून खोपोलीस गेली आहे. कार्स्टन्सननें डेन्मार्कच्या राजाला जें आश्वासन दिलें म्हणतात, तें आम्ही कोणी न मागतां, वर तिकिटाचे पैसे भरून, पाळीत आहों.

मुलांना तेथें कंटाळा येतो, असा यावर आक्षेप येईल. तो नेहमींचा आहे, म्हणून त्याला थोडें उत्तर देतों. खोपोलीच्या उद्यानांत राजासॉरस नांवाच्या महाकाय प्राण्याच्या नांवानें नौकेची एक सफर आहे. राजासॉरस हा कल्पित प्राणी नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यांत त्याचीं हाडें सांपडलीं, आणि २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असें नामकरण केलें. तो ज्या युगांत वावरला त्याच्या अखेरीस, सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं, दख्खनवर तप्त लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. बालाघाटचे डोंगर त्याच थरांचे आहेत. कपिलधारेची धार ज्या काळ्या कड्यावरून पडते तो कडा त्याच थरांचा आहे. तीनशें किलोमीटर जाऊन यंत्राच्या राजासॉरसला भिऊन आलेल्या मुलाचा हात या कड्यावर टेकवून एवढी हकीकत त्याला सांगितली, तर तो कंटाळेल असें मला वाटत नाहीं. सांगणारा बाप अगोदर तयार हवा, ही अडचण आहे खरी.

त्याच उद्यानांत ‘आय फॉर इंडिया’ नांवाचा दुसरा एक खेळ आहे. खुर्चींत बसवून भव्य पडद्यापुढें आपल्याला भारतावरून उडविल्याचा भास करवितात. खेळ सुंदर आहे असें पाहून आलेले सांगतात. मात्र तो पाहून आलेल्या बीडच्या मुलांना मीं विचारलें आहे: अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि पाहिली आहे काय? धारूरचा किल्ला? नायगांवच्या अभयारण्यांतले मोर? सौताड्याचा धबधबा? शहरालगतची खजाना विहीर? बहुतेकांनीं मानच हलविली. भारतावरून त्यांचें उड्डाण झालें होतें. जिल्ह्यांत उतरणें राहून गेलें होतें. (प्रसंगानें आठवलें म्हणून सांगतों: तेथल्याच गोल्ड रश एक्सप्रेस नांवाच्या गडगडत्या गाडींत बसून आलेलीं मुलें बीड शहरांत कितीतरी होतीं, आणि शहराला स्वतःची आगगाडी मात्र नव्हती. ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं आली.)

याहून धोक्याचे असे दुसरे लोक आहेत. कपिलधारेची आठवण त्यांना करून दिली कीं ते लगेच उत्साहानें म्हणतात, “मग तेथेंच तसें कांहीं तरी करूं या!” दरीवर कांचेचा पूल, दोरावरून घसरण्याचा खेळ, रंगीत दिव्यांचें कारंजें, आणि दाराशीं तिकिटाची खिडकी. याला ते विकास म्हणतात. त्यांच्या कल्पनेंत जागा बदलते, पद्धति तीच राहते. कपिलधारेचें खोपोली केलें म्हणजे पायीं आलेल्या दिंडीला खिडकीपाशीं थांबवावें लागेल, किंवा दिंडीला एक दार आणि आम्हांला दुसरें दार करावें लागेल. आणि दोन दारांचा अनुभव या देशांत आपण पुष्कळ घेतला आहे. खोपोलीपासून जें घ्यावयाचें तें कांचेच्या पुलाइतकें दिपविणारें नाहीं. बायकांसाठीं पाणी असलेलीं व रोज धुतलीं जाणारीं शौचालयें. कपडे बदलण्याला बंद खोली. निसरड्या जागीं कठडा, आणि श्रावणापासून पुढें पाणी ओसरेपर्यंत शिट्टी घेतलेला, पोहतां येणारा, पगारी मनुष्य. मोटारी वरच थोपवून खालीं पायीं किंवा लहान गाडीनें जाण्याची व्यवस्था, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना वाट मोकळी राहील. प्लास्टिकच्या कचऱ्याला खरोखरीची बंदी. मन्मथस्वामी कोण होते, त्यांनीं काय लिहिलें, हा दगड कोणता व किती वर्षांचा, हें शुद्ध मराठींत व कन्नडांत सांगणाऱ्या दोन पाट्या. यांतल्या एकाहि गोष्टीला परदेशी तज्ज्ञ लागत नाहीं. आणि ज्याला खर्चाची धास्ती वाटत असेल त्यानें आपल्या गल्लींतलीं जीं कुटुंबें या वर्षीं खोपोलीस जाऊन आलीं त्यांचीं तिकिटें, पेट्रोल आणि हॉटेल यांची एकदां बेरीज करून पाहावी.

कोणीं खोपोलीस जाऊंच नये, असें मी म्हणत नाहीं. दोन-चार वर्षांतून एकदां जावें, पाळण्यांत बसावें, मनसोक्त ओरडावें. परंतु भाद्रपदांतला एखादा रविवार कपिलधारेसाठीं काढावा, आणि आजीला बरोबर न्यावें. पंचाहत्तरी उलटलेल्या आजीला २०२२ पासून एस.टी.चें तिकीट पडत नाहीं, आईला व सुनेला २०२३ पासून अर्धें पडतें; त्यामुळें दर चुकविण्यासाठीं तारखा चाळण्याचें कारण उरत नाहीं. मन्मथस्वामींचीं पदें आजीला पाठ असलीं तर ती तेथें सामानाजवळ बसणार नाहीं, आणि नसलीं तरी ती पाण्याजवळ बसेल. परत आल्यावर, जें जें नडलें तें तारीखवार लिहून त्याच आठवड्यांत जिल्हा परिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे व देवस्थानाकडे सहीनिशीं धाडावें, आणि उत्तर न आल्यास पुढल्या महिन्यांत पुन्हां धाडावें. असें पत्र नेमकें कोणाला लिहावयाचें हें ठाऊक नाहीं, अशी सबब मला दोन सद्गृहस्थांनीं सांगितली. खोपोलीच्या उद्यानाचा दूरध्वनि त्या दोघांनींहि अर्ध्या मिनिटांत शोधून काढला होता.